पणजोबांचा डब्लिनचा पाइप: आधी वाचा, मग पुसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबा जी.आय.पी. रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९४७ साली मायदेशी निघालेल्या एका साहेबानं त्यांना स्वतःचा तंबाखू ओढायचा पाइप देऊन टाकला आणि तो आता माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. लाकडावर इंग्रजीत 'पीटरसन्स सिस्टिम', '३१२' आणि 'आयरिश फ्री स्टेट' असे ठसे आहेत. दांडीच्या टोकाला चांदीचं कडं आहे आणि त्यावर तीन पानांचं गवत, बसलेला कुत्रा आणि बुरूज अशा तीन खुणा आहेत. पाइप किती जुना, चांदी खरी आहे का, तो साफ कसा करायचा, आणि असे आणखी जमवायचे तर काय बघायचं, हे तुम्हाला हवं आहे. आई म्हणतात, देवाची उपकरणी घासतो तसा रांगोळीनं घासून काढ.

रांगोळी तूर्त राहू द्या. कापडसुद्धा लावू नका. गेली बावीस वर्षं मी जुने पाइप दुरुस्त करतो आहे. त्याआधी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होतो, त्यामुळे घासणं आणि चकाकी आणणं हे माझं पोटापाण्याचंच काम. म्हणूनच सांगतो, जुन्या पाइपचं सर्वांत जास्त नुकसान चकाकीनं होतं. शिकत होतो तेव्हा माझ्या हातून एका पाइपवरचा सबंध ठसा फिरत्या चाकाखाली गेला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लाकूड आरशासारखं झालं, आणि तो पाइप कुठला, कधीचा, हे सांगणारी एकमेव ओळ कायमची पुसली गेली. त्या पाइपचा मालक काही बोलला नाही, पण मला ते अजून खुपतं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी पाइप पूर्ण वाचून, टिपून घ्यायचा, आणि मगच हात लावायचा.

तर आधी वाचू.

'आयरिश फ्री स्टेट' हे तीन शब्द म्हणजे तुमच्या पाइपचा जन्मदाखलाच. आयर्लंडचं हे राज्य ६ डिसेंबर १९२२ रोजी अस्तित्वात आलं आणि २९ डिसेंबर १९३७ रोजी नवी राज्यघटना लागू झाल्यावर ते नाव गेलं, देशाचं नाव 'एरा' झालं. म्हणजे हा ठसा साधारण १९२२ ते १९३७ या पंधरा वर्षांतला. त्यानंतरच्या काही वर्षांच्या पाइपांवर 'मेड इन एरा' दिसतं. पुढे 'मेड इन आयर्लंड' गोलात कोरलेलं सापडतं. १८ एप्रिल १९४९ रोजी आयर्लंड औपचारिकरीत्या प्रजासत्ताक झालं आणि 'मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड' हा ठसा आला, बहुधा तीन ओळींत. एका देशानं पाव शतकात तीनदा ओळख बदलली आणि प्रत्येक बदल या लाकडाच्या बोटभर दांडीवर उतरला. मला स्वतःला या पाइपांची ओढ लागली ती याच कारणानं.

देशाचं नाव मुळात ठोकलं जाऊ लागलं ते जकातीच्या कायद्यांमुळे. ब्रिटनचा मालखुणांचा कायदा १८८७ चा, आणि अमेरिकेचा मॅकिन्ली जकात कायदा १८९० चा. अमेरिकेत विकायच्या मालावर तो कुठल्या देशाचा हे लिहिणं त्यामुळे बंधनकारक झालं. तरीही तुमचा पाइप बनवणाऱ्या डब्लिनच्या पीटरसन कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या पाइपांवर देशाचं नाव नसतं, 'पेटंट' एवढाच शब्द असतो.

आता सावधगिरीचा एक शब्द. शिक्क्यांवरून सालाची खालची मर्यादा पक्की मिळते, वरची नाही. १९२२ च्या आधी 'फ्री स्टेट' कोणी ठोकलं नसणार हे नक्की. पण १९३८ च्या जानेवारीत कारागिरानं ठशाचा जुना साचा फेकून दिला असेलच असं नाही, आणि बनलेला पाइप दुकानाच्या फळीवर दोन-तीन वर्षं पडूनही राहू शकतो. म्हणून मी कोणालाही 'हा १९३१ चा' असं सांगत नाही, 'फ्री स्टेटच्या काळातला' असं सांगतो. तुमच्या घरातली हकीकत याच्याशी छान जुळते. १९४७ मध्ये पणजोबांना मिळाला तेव्हा हा पाइप किमान नऊ-दहा वर्षांचा होता, कदाचित पंचविशीतला. साहेबानं नवीन आणून दिलेला नाही, स्वतः वापरत असलेला दिला आहे. तुमच्या घरात सांगतात तेच लाकूडही सांगतं आहे.

आता शेंबी. काठीच्या टोकाला असते तशीच ही धातूची शेंबी दांडीच्या टोकाला बसवलेली असते, लाकूड चिरू नये म्हणून. तुमची शेंबी चांदीची नाही. ऐकून वाईट वाटेल, पण त्या तीन खुणा म्हणजे हॉलमार्क नव्हेत. तीन पानांचं गवत हे आयर्लंडचं शॅमरॉक. कुत्रा हा आयरिश वुल्फहाउंड, काहीजण त्याला कोल्हा समजतात. बुरूज म्हणजे तिथल्या जुन्या मठांजवळ उभे असलेले उंच गोल दगडी मनोरे. पीटरसननं ही तीन चित्रं निकेलच्या शेंब्यांवर अनेक दशकं ठोकली, केवळ शोभा आणि देशाची ओळख म्हणून. धातू आहे तो आपल्याकडे ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तो. तांबं, जस्त आणि निकेल, चांदीचा कणही नाही. जगभर विकणारे लोक हे पाइप 'चांदीच्या हॉलमार्कसह' म्हणून विकतात. काहींना खरंच माहीत नसतं.

खऱ्या चांदीवर डब्लिनच्या परीक्षण कार्यालयाच्या खुणा असतात. या कार्यालयाची सनद १६३७ ची आहे. बसलेली स्त्री म्हणजे हायबर्निया, आयर्लंडचं मानवी रूप. मुकुट घातलेली वीणा म्हणजे चांदी ९२५ कसाची आहे याची खूण. गंमत बघा, देश राजापासून वेगळा झाला तरी वीणेवरचा मुकुट तसाच राहिला. तिसरं असतं एक अक्षर, ते साल सांगतं. जवळच 'के' आणि 'पी' ही बनवणाऱ्याची अक्षरं असतात. सालाचं अक्षर वाचताना घाई करू नका, कारण वर्णमाला संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मोठा 'ए' १९४२ मध्ये आला आणि पुन्हा १९८६ मध्येही आला, मध्ये १९६८ ला लहान लिपीतला 'ए' येऊन गेला. अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार, दोन्ही भिंगाखाली पाहावे लागतात. तिथेही अडलं तर लाकडावरचा देशाचा ठसा वाद मिटवतो. काही वर्षी खास जादा खूण असते. १९६६ मध्ये ब्रिटिशांविरुद्धच्या ईस्टरच्या उठावाला पन्नास वर्षं झाली म्हणून तेजाची तलवार, १९७३ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश केला म्हणून प्राचीन सोन्याच्या गळपट्ट्याचं चित्र, १९८८ मध्ये डब्लिन शहराच्या सहस्रकाची खूण. अशी खूण सापडली की सालाबद्दल शंका उरत नाही. मात्र चांदीची तारीख ही चांदीची असते. शेंबी बदललेली असू शकते, म्हणून धातू आणि लाकूड दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात का ते पाहायचं.

'सिस्टिम' या शब्दावर मात्र थोडं थांबू या, कारण सफाईची पद्धत त्यावर ठरते.

डब्लिनमध्ये १८७० च्या दशकात कॅप नावाच्या, मूळ न्यूरेंबर्गच्या, जर्मन कुटुंबाचं पाइपांचं दुकान ग्रॅफ्टन स्ट्रीटवर होतं. लॅटव्हियातल्या रिगा शहरातून आलेला चार्ल्स पीटरसन हा लाकूड कोरणारा कारागीर त्यांच्याकडे आला आणि पुढे भागीदार झाला. 'कॅप अँड पीटरसन' हे नाव तिथून पडलं. म्हणजे जगात सर्वांत 'आयरिश' समजला जाणारा पाइप जर्मन दुकानदार आणि रिगाच्या कारागिराच्या हातून घडला. (त्याआधी आयर्लंडचा खरा देशी पाइप मातीचा होता. रॉसकॉमन परगण्यातल्या नॉकक्रॉगरी या गावात तो घरोघर बनायचा आणि मयताच्या घरी जमलेल्या लोकांना तंबाखूसह वाटला जायचा. जून १९२१ मध्ये ब्रिटिशांच्या 'ब्लॅक अँड टॅन्स' दलानं ते गाव जाळलं आणि तिथला हा धंदा तिथेच संपला.)

पीटरसननं १८९० मध्ये ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला ती अशी. तंबाखू जळताना वाफ होते, ती दांडीत थंड होऊन पाणी धरते आणि ते कडू पाणी ओढणाऱ्याच्या तोंडात येतं. पीटरसननं दांडीत धुराच्या वाटेखाली एक खोलगट भोक पाडलं. गडावर पावसाचं पाणी साठवायला खडकात टाकं खोदतात ना, तसंच हे टाकं. वाटीतून, म्हणजे तंबाखू भरतात त्या खोलगट भागातून, आलेला धूर एकदम मोकळ्या जागेत येतो, मंदावतो, पाणी खाली टाक्यात पडतं आणि कोरडा धूर पुढे जातो. टाक्यातलं पाणी परत आत ओढलं जाऊ नये म्हणून स्टेमच्या, म्हणजे तोंडात धरायच्या भागाच्या, आतल्या टोकाला एक बारीक नळी पुढे काढलेली असते. जुन्या पाइपांत ती हाडाची, नंतरच्या काळात धातूची. १८९८ मध्ये त्यानं ओठांकडचं टोकही बदललं. धुराचं भोक टोकाला समोर न ठेवता वरच्या बाजूला ठेवलं, म्हणजे धूर जिभेवर न जाता टाळूकडे जातो. याला पी-लिप म्हणतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते स्पष्ट दिसतं आहे, त्यामुळे स्टेम मूळचाच असण्याची शक्यता मोठी आहे.

आणखी एक खुबी. स्टेम निमुळता असतो आणि शेंबीत नुसता दाबून बसवलेला असतो. साधा पाइप गरम असताना उघडला तर सांधा सैल होतो किंवा दांडी चिरते. हा मात्र केव्हाही काढून टाकं रिकामं करता येतं. पण सत्तर वर्षं न उघडलेल्या पाइपमध्ये टाक्यातला डांबरासारखा रस डिंकाइतका घट्ट होतो, आणि स्टेम हलत नाही. तुम्ही लिहिलंय की तो निघत नाही. तसंच होणार.

तर आता काम. पहिल्या दिवशी फक्त फोटो. खिडकीशी बसा, मोबाइलचा टॉर्च तिरपा, जवळजवळ लाकडाला समांतर धरा. समोरून प्रकाश पाडला तर ठसा दिसत नाही, तिरप्या प्रकाशात प्रत्येक अक्षराला सावली पडते आणि पुसट शब्द वाचता येतात. दोन्ही बाजू, तळ, शेंबी, स्टेमचं टोक, सगळं टिपून ठेवा. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीनं ठशाची छाप घ्या. लहानपणी नाण्याची घ्यायचो तशी.

स्टेम काढण्यासाठी जोर लावायचा नाही. वाटीत उभ्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब सोडा. औषधांच्या दुकानात किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्याकडे ते मिळतं. दांडी किंचित खाली कलती ठेवून रात्रभर राहू द्या. बाहेर ओघळ आला तर लगेच टिपा, नाही तर लाकडाचा रंग आणि लाखेचा हात उतरतो. सकाळी वाटी नव्हे, दांडी शेंबीजवळ मुठीत धरा आणि स्टेम हळूहळू एकाच दिशेनं फिरवत बाहेर ओढा. नाही निघाला तर पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. मी एका पाइपसाठी नऊ दिवस थांबलो आहे. घाई केली आणि आतली नळी हाडाची असली तर ती मोडते, आणि तशी दुसरी बाजारात मिळत नाही. निघाल्यावर पहिलं काम, ती नळी जागेवर आहे का ते पाहणं. पुष्कळ पाइपांत ती हरवलेली असते.

वाटीच्या आत कोळशाचा थर असतो. ओढणाऱ्याला थोडा थर हवा असतो, जुन्या रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षाही कमी. पण जुना पाइप हातात आला की मी तो पूर्ण काढतो, कारण त्याखाली तडा किंवा जळलेला खड्डा असेल तर तो दिसलाच पाहिजे. चाकूनं खरवडू नका. चाकूचं टोक तळाला रुततं आणि वाटी कायमची बिघडते. रीमर, म्हणजे हा थर काढायचं खास हत्यार, नसेल तर पेनाएवढ्या गोल लाकडी दांड्याला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि सावकाश फिरवा. तळ खोल होता कामा नये, धुराचं भोक तळाशी समपातळीत राहिलं पाहिजे. नाकाला रुमाल बांधा, ती पूड श्वासात जाऊ देऊ नका.

आतली सफाई करायला बरेच लोक मीठ आणि अल्कोहोल भरून ठेवायला सांगतात. सिस्टिम पाइपसाठी मी ते करत नाही. मीठ टाक्यात जाऊन बसतं, निघता निघत नाही, आणि ओलं मीठ फुगून जुनी वाटी चिरल्याची उदाहरणं मी हातानं हाताळली आहेत. साधा औषधी कापूस घ्या, सैल भरा, ड्रॉपरनं अल्कोहोल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कापूस चहासारखा तपकिरी होतो. मग नवा कापूस. टाक्यात कानात घालायच्या काडीसारखी कापसाची काडी चालते, पण तळाशी साठलेला रस काढायला बांबूची काडी चपटी तासून घ्यावी लागते. हातमोजे घाला, तो रस निकोटिननं भरलेला असतो. काडी पांढरी बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. चार दिवस लागले तर लागले.

वाटीच्या काठावर काळा चिवट थर असेल. त्यावर सर्वांत चांगलं औषध म्हणजे थुंकी. हसू नका, संग्रहालयांतले जतन करणारेही जुन्या चित्रांवरची धूळ काढायला कापसाच्या बोळ्यावर थुंकी वापरतात. कापूस ओला करून गोल गोल फिरवत राहा. पॉलिश पेपरनं काठ सपाट करायचा मोह होईल. तो केला की वाटीचा मूळ आकार गेला.

लाकडाबद्दल थोडं. हे ब्रायर, भूमध्य समुद्राकाठी उगवणाऱ्या झाडासारख्या उंच हीथ झुडपाच्या खोड आणि मूळ यांच्यामधली गाठ. वणव्यात झुडूप जळून गेलं तरी या गाठीतून पुन्हा कोंब फुटतात, म्हणजे आगीतून वाचण्यासाठीच ती वाढलेली असते. कापलेले ठोकळे तासन्‌तास उकळून चीक काढतात आणि मग महिनोन्‌महिने सावकाश वाळवतात. असल्या लाकडाला तेल पाजायची गरज नसते. खोबरेल, मोहरी, ऑलिव्ह, काहीही लावू नका, काही महिन्यांनी खवट वास येतो आणि लाकूड चिकट होतं. बाहेरून थेंबभर सौम्य साबण घातलेल्या ओलसर फडक्यानं पुसा, ठशावरून हलकेच, आणि लगेच कोरडं करा. लाकडाला पोचा असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम सुरीचं पातं टेकवलं की वाफेनं दबलेले तंतू वर येतात. खरंच वर येतात. पण ठशाच्या आसपास हे चुकूनही करू नका. वाफेला पोचा आणि अक्षर यांतला फरक कळत नाही, अक्षरंही फुगून सपाट होतात.

आता स्टेम. तो एबोनाइटचा आहे, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. त्या काळी कवळ्याही याच पदार्थाच्या बनायच्या, त्यामुळे मला तो ओळखीचा वाटतो. ऊन, दमट हवा आणि लाळ यांनी पृष्ठभाग मेंदीसारखा हिरवट-तपकिरी होतो आणि गंधकाचा वास सुटतो. हा मळ नसून पदार्थच बदललेला असतो, म्हणून साबणानं जात नाही, वरचा थर उतरवावा लागतो. कपड्यांच्या ब्लीचमध्ये भिजवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. रंग पांढुरका पडतो, पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात. पाण्यात बुडवलेला पॉलिश पेपर घ्या, ४०० नंबरपासून सुरू करा, मग ६००, १०००, २०००. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. पुढे मायक्रोमेशचे, म्हणजे अतिबारीक पॉलिश कापडाचे, तुकडे मिळाले तर १२००० पर्यंत जा. चाक वापरू नका. चाकाच्या उष्णतेनं एबोनाइट मऊ पडून करपतं आणि पी-लिपच्या बारीक कडा गोल होतात. वरच्या भोकात पातळ वायर घातलेला पाइप-क्लीनर अल्कोहोलनं ओला करून फिरवा.

शेंबीला फार काही लागत नाही. निकेल चांदीसारखं काळं पडत नाही, मळतं. खडूची वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून मऊ सुती कापडानं पुसा. रांगोळी नको म्हणालो ते यासाठी की रांगोळीचा कण टणक असतो, तो त्या शॅमरॉक आणि कुत्र्याच्या चित्राच्या कडा खातो. घरच्या तांब्या-पितळेला ते चालतं, कारण तिथे वाचायचं काही नसतं. शेंबी सैल असेल तर काढून पाहा, तिच्याखाली दांडीला केसाएवढा तडा आहे का. पुष्कळ वेळा तिनं तोच झाकलेला असतो. पुन्हा बसवायला लाख पुरते, ती पुढे कधी काढायची झाल्यास निघतेही. इपॉक्सी लावला की पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याचे हात बांधले जातात.

शेवटी मेण. कार्नाउबा मेण चाकावर लावतात, पण पहिल्या पाइपला तुम्ही हातानंच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि दहा मिनिटांनी घासा. ठशावर अंगठा ठेवून तेवढा भाग सोडला तरी चालेल.

आणखी जमवायचे तर काय पाहायचं? मी किंमत शेवटी विचारतो. आधी ठसा. खोल, कडा जाग्या असलेला ठसा असेल तर मळका पाइपही घ्या. झगमगीत पण पुसट ठशाचा असेल तर सोडून द्या. मग स्टेम खरा आहे का, आतली नळी आहे का, वाटी उन्हाकडे धरून आत पाहिलं तर कुठे काळं वर्तुळ जास्त खोल गेलंय का. '३०७', '३१४' असे तीनशेच्या घरातले आकडे हे आकाराचे क्रमांक आहेत, साल नव्हेत. नव्या लोकांची ही ठरलेली चूक. 'मेड इन इंग्लंड' लिहिलेला पीटरसन नकली असतो असं समजून लोक तो टाळतात, तसं नाही. लंडनमध्येही त्यांचे पाइप १९५० च्या दशकापर्यंत बनत होते. एकाच काळाचे दहा पाइप घेण्यापेक्षा प्रत्येक काळाचा एक घ्या. पेटंट, फ्री स्टेट, एरा, रिपब्लिक, असे चार शेजारी ठेवले की बाकीचं डोळ्यांना आपोआप शिकायला मिळतं. तुमच्याकडे एक आहेच. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असे पाइप कधीमधी दिसतात, पण तिथे बहुतेक स्टेम दुसऱ्याच पाइपचे बसवलेले असतात, म्हणून जोडी तपासूनच घ्या.

विकायचा का, हेही तुम्ही शेवटी विचारलंत. निकेलच्या शेंबीचा हा रोजच्या वापराचा पाइप, बाजारात त्याला फार मोठी किंमत नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण तुम्हाला कोणी भलती आशा दाखवू नये. त्याची किंमत घरात आहे. सोबत एक कागद ठेवा. पणजोबांचं नाव, वर्कशॉप, १९४७, कोणाकडून ऐकलं, आणि पहिल्या दिवशीचे फोटो. कागदाशिवाय ही हकीकत आणखी दोन पिढ्यांत नाहीशी होईल.

फोटोत स्टेमवर, पी-लिपच्या जरा मागे, दातांच्या खुणा दिसतात. वर एक खोल, खाली दोन उथळ. त्या काढता येतात. एबोनाइटला आकार लक्षात राहतो, गरम पाण्यात धरलं की पोचा बराच वर येतो, आणि उरलेला काळ्या भुकटीत कालवलेल्या सायनोअ‍ॅक्रिलेटनं, म्हणजे सुपर ग्लूनं, भरता येतो. मी दुसऱ्यांच्या पाइपांवर हे शेकडो वेळा केलं आहे. पण तुमच्या या पाइपवर मी ते करणार नाही. तिथे भोक पडलेलं नाही, धूर कुठे फुटत नाही. त्या खुणा त्या साहेबाच्या आहेत, पणजोबांच्या आहेत, की एकावर एक दोघांच्याही, हे आता सांगता येणार नाही. तेवढा भाग सोडून भोवतीचा हिरवटपणा काढा. आधी आईंना विचारा मात्र, कारण पाइप त्यांच्या आजोबांचा आहे.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. पावसाळ्यात आत बुरशी येते. स्टेम सैल काढून, सुती फडक्यात, कपाटात अंधाऱ्या जागी ठेवा. पुढे कधी चांदीच्या शेंबीचा घेतलात तर स्टेम तिच्याजवळ गुंडाळू नका, एबोनाइटमधल्या गंधकानं चांदी महिन्याभरात काळवंडते. स्टेम निघाला की आतल्या नळीचा फोटो मला पाठवा, ती हाडाची आहे की धातूची हे मलाही पाहायचं आहे.